डावं चाक रडतंय

गाडी मी स्वतः बनवली आहे, हे वाक्य मी आजवर किमान चारशे माणसांना ऐकवलं असेल. त्यातल्या 'स्वतः'चा हिशेब कुणी मागितला नाही म्हणून निभावलं. मागितला असता तर तो असा निघाला असता: सांगाडा वेल्डिंगवाल्यानं जोडला, इंजिन मिस्त्रीनं बसवलं, वायरिंग दाजींच्या ओळखीतल्या एका पोरानं केलं, आणि रंग ज्यानं मारला तो त्याच आठवड्यात गावातल्या एका पतसंस्थेचं शटरही रंगवत होता, त्यामुळे दोन्हींचा रंग एक आहे. मी काय केलं? मी उभा राहिलो. तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात चहाचा पेला धरून उभा राहिलो आणि अधूनमधून "अजून जरा डावीकडं" म्हणालो. मराठीचा प्राध्यापक यापेक्षा जास्त यंत्रकाम करू शकत नाही, आणि त्यानं करूही नये.

पुढचा एक्सल भंगारातल्या जीपचा. मागचा एक्सल आणि ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीचं. जीपची चाकं सोळा इंची, ओम्नीची बारा इंची. हा फरक मला नकाशावर दिसला नाही, कारण नकाशा नव्हताच, सगळं माझ्या डोक्यात होतं. परिणाम असा की गाडी कायम नाक वर करून उभी असते. वस्तीवरची पोरं म्हणतात, "सरांवर गेलीय."

या सगळ्याचं मूळ गोव्यात आहे. नव्वदचं दशक संपता संपता तिकडं सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, दोनच माणसांची, छप्पर मागं टाकता येणारी गाडी निघाली होती. कॉलेजच्या सहलीत पणजीला मांडवीच्या काठावर मी ती एकदा पाहिली. आत बसलेल्या माणसाचे केस उडत होते. त्या क्षणी मी ठरवलं की आपलेही असेच उडवायचे. गाडी तयार होईपर्यंत पंचवीस वर्षं गेली आणि केस गाडीची वाट न बघता स्वतःच उडून गेले, हा वेगळा विषय आहे.

आमच्या अकलूजच्या परिवहन कार्यालयाचा नंबर एमएच ४५. तो माझ्या गाडीवर नाही, आणि कधी असणारही नाही. अशा घरी जुळवलेल्या गाडीला सरकार रस्त्यावर येऊ देत नाही, आणि ते किती योग्य आहे हे माझी गाडी पाहिलेला कुणीही सांगेल. म्हणून ती वस्तीपासून उसाच्या कडेनं विहिरीपर्यंत जाते आणि परत येते. आमच्याच रानातला आमचाच रस्ता. तेवढ्या रस्त्यावर मी गॉगल लावतो.

अण्णा लिंबाखाली बाजेवर बसलेले असतात. वय एक्क्याऐंशी. त्यांना कमी ऐकू येतं. म्हणजे "गोळ्या घेतल्या का?" हे ऐकू येत नाही, शेजारच्या खोलीत कुणी वाटणीचं हळू बोललं तर येतं. मागच्या उन्हाळ्यात एकदा मी विहिरीवरून परत आलो, गाडी ऐटीत त्यांच्यासमोर उभी केली आणि गॉगल काढला. ते म्हणाले,

"डावं चाक रडतंय."

मी त्यांना समजावून सांगितलं की आवाज इंजिनाचा आहे, ओम्नीचं इंजिन जरा बोलकं असतं, शिवाय वरून उघडी गाडी, वाऱ्याचाही आवाज येतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं."

अण्णांच्या 'बरं'वर मी खरं तर पीएच.डी. करायला हवी होती. हे होकाराचं बरं नव्हे. 'तू शिकलेला आहेस, तुला कळायला वेळ लागणार,' एवढा मोठा आशय त्यात दोन अक्षरांत बसवलेला असतो.

चार दिवसांनी डाव्या चाकाची टोपी हात लावल्यावर चटका बसण्याइतकी तापली. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. चाक हललं, आणि त्याबरोबर मिस्त्रीची मानही हलली. हब उघडला तर ग्रीसचं काजळ झालेलं. बेरिंग पुसून त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. रुळांच्या अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे.

"बेरिंग गेलं, सर."

मी धावत जाऊन अण्णांना सांगितलं, "अण्णा, बेरिंग गेलंय!" जणू काही मीच शोधून काढलंय.

"बरं," अण्णा म्हणाले.

आता, बेरिंगला मराठी विश्वकोशानं 'धारवा' असा देखणा शब्द दिलेला आहे. इतका देखणा शब्द आपण वापरायचा नाही तर कुणी? अकलूजच्या दुकानात गेलो आणि आवाजात शक्य तेवढा सहजपणा आणून म्हणालो, "जीपच्या पुढच्या चाकाचा धारवा आहे का? निमुळत्या रुळांचा?" दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, मग गल्ल्यावरच्या पोराकडं पाहिलं आणि अतिशय सौजन्यानं म्हणाला, "आयुर्वेदिकचं दुकान पलीकडं आहे, साहेब."

मग मी बेरिंग म्हणालो. तो म्हणाला, "नंबर बोला."

इथं मला जरा थांबू द्या. लेख बेरिंगच्या शोधाचा आहे हे मला मान्य आहे, पण बेरिंगच्या नंबरांबद्दल बोलायची संधी मला घरात कुणी देत नाही. हिनं तर स्वयंपाकघराच्या दारावर हात आडवा लावून स्पष्ट सांगितलंय, की "नंबरांचं बाहेर." तर, बेरिंगचा नंबर ही माणसानं रचलेली एक अत्यंत सुंदर गोष्ट आहे. उदाहरणार्थ ६२०५. शेवटचे दोन आकडे घ्यायचे, शून्य पाच. त्यांना पाचानं गुणायचं. पंचवीस. झालं, बेरिंगच्या आतल्या भोकाचा व्यास पंचवीस मिलिमीटर! ६२०४ म्हणजे वीस. ६२१० म्हणजे पन्नास. पहिला सहा म्हणजे खोल खोबणीत एका रांगेत गोळ्या. तिथं तीन असला तर समजायचं, गोळ्या नाहीत, निमुळते रूळ आहेत. शेवटी झेडझेड असलं तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असलं तर रबराची, सी थ्री असलं तर आत जरा मोकळीक जास्त. बेरिंग स्वीडनचं घ्या, जपानचं घ्या नाहीतर आपल्या जयपूरचं घ्या, ६२०५ म्हणजे आत पंचवीस, बाहेर बावन्न, जाडी पंधरा. वादच नाही. इकडं मराठीत दोन प्राध्यापकांचं एका वेलांटीवर एकमत होत नाही.

आणि अपवाद! अपवादांशिवाय व्याकरणाला चव नाही. शून्य चारपासून पाचाचा पाढा बिनतक्रार लागू होतो, पण त्याच्या खालचे चौघं ऐकत नाहीत. शून्य शून्य म्हणजे दहा, शून्य एक म्हणजे बारा, शून्य दोन म्हणजे पंधरा आणि शून्य तीन म्हणजे सतरा. का? नाही ऐकत. घरातली धाकटी भावंडं असतात तशी. तुमच्या डोक्यावर जो पंखा फिरतोय त्यात बहुतेक ६२०२ असेल, म्हणजे पंधरा मिलिमीटरच्या दांड्यावर तुमची दुपारची झोप फिरतेय. हे मी वर्गात एकदा सांगितलं. विषय संत साहित्याचा होता. पोरांनी पंख्याकडं पाहिलं आणि तासभर खाली पाहिलंच नाही.

अजून एकच सांगतो. ज्या कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे, त्या एसकेएफचा जन्म स्वीडनमधल्या गॉटेनबर्गच्या एका कापड गिरणीत झाला. स्वेन विंगक्विस्ट नावाचा अभियंता तिथं देखभालीला होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचायची, वरचे लांबलचक दंड तिरके व्हायचे आणि बेरिंगं फुटायची. कंटाळून त्यानं १९०७ साली असं बेरिंग काढलं की दंड जरा तिरका झाला तरी आपणही त्याच्याबरोबर कलतं घ्यायचं. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला खचणारी काळी जमीन आणि बंद पडणारी गिरणी या दोन्ही गोष्टी समजावून सांगायला लागत नाहीत. पण आपल्याकडं जमीन खचल्यावर आपण जमिनीला शिव्या दिल्या, त्यानं बेरिंग काढलं. असो. ही आत हसतेय.

तर दुकानदार म्हणाला, "नंबर बोला." मी खिशातून कागद काढला. जुन्या बेरिंगवर चष्मा लावून वाचलेला नंबर होता १८५९०. पण केवळ नंबर सांगून माझं समाधान होणार नव्हतं. मी म्हणालो, "अठरा पाच नव्वद. म्हणजे नव्वद गुणिले पाच, साडेचारशे मिलिमीटरचं."

दुकानात ट्रॅक्टरच्या सामानासाठी आलेले चार शेतकरी होते. ते गप्प झाले.

"साडेचारशे मिलिमीटर म्हणजे दीड फूट झालं, सर," दुकानदार म्हणाला. "ते कारखान्यात उसाच्या रोलरला लागंल. तुमची गाडी बघितलीया मी."

नंतर कळलं की हे नंबर इंचांच्या घराण्यातले. त्यांना माझा पाढा लागू नाही. आतलं भोक पावणेदोन इंचाला एक दोरा कमी, म्हणजे ४१.२७५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास तीन इंचाला एक दोरा कमी, ७३.०२५. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या चाकात हाच नंबर फिरत होता. १९४७ पासून महिंद्रांनी ती जीप इकडं जुळवायला घेतली, तिच्याबरोबर तोही आला आणि ठरला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जे चाललं ते माझ्या विहिरीपर्यंत चालायला हरकत नव्हती.

त्या दुकानात चार बेरिंगं मिळाली. एका चाकात दोन, उजवंही बदलून टाकू म्हणून चार. डबा इतका सुंदर, की मी तो घरी शोकेसमध्ये ठेवावा म्हणालो. होलोग्राम, बारकोड, चकचकीत अक्षरं. ती बसवली आणि अकराव्या दिवशी हब परत चटका देऊ लागला. उघडून पाहिलं तर रूळ निळे पडलेले. मिस्त्रीनं जाळी दोन बोटांत दाबली आणि ती पापडासारखी वाकली.

"डुप्लिकेट," तो म्हणाला. "डबा ओरिजिनल दिसतोय, सर."

दुकानदाराचं म्हणणं पडलं, की गाडी कशी चालवता त्यावर असतं. मी म्हणालो, मी विहिरीपर्यंत जातो. तो म्हणाला, विहिरीपर्यंत कसे जाता त्यावर असतं. असा माणूस मराठीच्या प्राध्यापकापुढं युक्तिवादात टिकतो, कारण तो शब्दांचा अर्थ लावतच नाही.

घरी येताना मी हसत होतो, पण मिस्त्री हसत नव्हता. म्हणाला, "सर, तुमच्या गाडीत गेलं तर तुम्ही उतरून चालत घरी येता. हेच बेरिंग ट्रॉलीत गेलं तर?" आमच्याकडं दिवाळीनंतर रस्त्यानं रात्रभर ऊस वाहत असतो. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, पुढं टायरगाड्यांची रांग, गाडीवर ऊस आणि उसावर बाई, तिच्या मांडीवर झोपलेलं पोर. कुणाच्या गाडीला मागं लाल दिवा असतो, कुणाच्या नसतो. त्या उसाखाली चाकात जे फिरतं, ते असल्याच डब्यांतून आलेलं असू शकतं. शे-दोनशे रुपये वाचले म्हणून. हा डबा छापणारा माणूस कुठं बसतो मला माहीत नाही. पण त्यानं होलोग्रामसाठी घेतली त्याच्या निम्मी मेहनत आतल्या पोलादावर घेतली असती, तर ते बेरिंग खरं निघालं असतं. शोकेसमधला डबा मी त्या रात्री चुलीत घातला. चांगला जळला. कागद अस्सल होता.

आता शोध दोन आघाड्यांवर सुरू झाला, आणि मित्रांनी तिसरी उघडली. त्यांनी मला देवराष्ट्र्याचं उदाहरण द्यायला सुरुवात केली. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून ते मला माहीत होतं. आता तिथल्या दत्तात्रय लोहारांमुळं माहीत झालं. लोहारांनी पोराच्या हट्टापायी भंगारातून छोटी जीप बनवली. खर्च साठेक हजार, आणि सुरू व्हायची किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि ती गाडी द्या, आम्ही बदल्यात बोलेरो देतो म्हणाले. पुढच्याच महिन्यात बोलेरो दारात. कट्ट्यावर रोज प्रश्न: "सर, तुमच्या गाडीच्या बदल्यात कोण काय देणार?" एक जण म्हणाला, "ती नेऊ नये म्हणून देतील."

मीही व्हिडिओ काढला. कबूल करतो. हिचं म्हणणं, त्यात गाडीपेक्षा मीच जास्त दिसतो. त्रेचाळीस जणांनी पाहिला, त्यातले एकोणतीस विद्यार्थी अंतर्गत गुणांसाठी. मनातून मला लोहारांचा हेवा वाटला, आणि तो बोलेरोचा नव्हता. त्या माणसानं खरोखर स्वतः बनवली होती. बॅटरी धरून उभा नव्हता राहिला.

पुण्याला एका चर्चासत्राला गेलो होतो. विषय 'ग्रामीण साहित्य: नवी वळणं'. दुसऱ्या सत्रातून उठलो आणि सरळ नाना पेठेत गेलो. तिथं गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून. माप मी घरून घेऊन गेलो होतो, पोरीच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं. "एक्केचाळीस आणि थोडं." दुकानदार म्हणाला एक्केचाळीस असं काही येत नाही, चाळीसचं येतं. नंबर ३२००८. मी चटकन हिशेब केला: शून्य आठ गुणिले पाच, चाळीस. माझा पाढा बरोबर आला! पाढा बरोबर आल्याच्या आनंदात मी बेरिंग घेतलं. घरी आल्यावर मिस्त्रीनं ते दांड्यावर टेकवलं. ते टेकलं आणि तिथंच थांबलं.

"सव्वा मिलिमीटर कमी हाय."

"सव्वा मिलिमीटरनं काय होतं?"

मिस्त्री गडी साधा आहे, पण त्या दिवशी मी त्याला एक वर्ष वर्गात बसवल्याचं सार्थक झालं. (बारावीला होता माझ्याकडं.) म्हणाला, "सर, तुम्ही माझे अनुस्वाराचे मार्क कापले होते."

मग मुंबई. नागदेवी स्ट्रीटला बेरिंगांची दुकानं दाटीवाटीनं आहेत आणि आमचा एक विद्यार्थी तिथून जवळच नोकरीला. त्याला फोन केला. या वेळी पाढा नाही, माप नाही, फक्त नंबर. चष्मा लावून जुन्या बेरिंगच्या बाहेरच्या कड्यावरून वाचला आणि ठणकावून सांगितलं, १८५२०. त्यानं विचारलं, "सर, नक्की?" मी म्हणालो, "बाळ, मी चुकत नाही."

त्यानं एसटी पार्सलनं पाठवून दिलं. पण तोवर पालखी आली. माउलींचा सोहळा नातेपुते, माळशिरस, वेळापूर असा आमच्या अंगणातून जातो. त्या दिवसांत रस्ता वारकऱ्यांचा असतो, वाहनांनी आडवाटेनं जायचं. सदाशिवनगरला गोल रिंगणात माउलींचा अश्व डोळ्याचं पातं लवायच्या आत फेरी मारून गेला, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावताना माझ्या मनात आलं की पार्सल आता कुठं असेल? पांडुरंगानं ऐकलं. पार्सल सहाव्या दिवशी आलं. आत चार कडी होती. नुसती कडी.

निमुळत्या रुळांच्या बेरिंगचे दोन भाग असतात. हबमध्ये बसतो तो कप आणि रुळांसकट दांड्यावर बसतो तो कोन. दोघांचा नंबर वेगळा. कोनाचा १८५९०, कपाचा १८५२०. मी चुकलो नव्हतो. मी फक्त नवऱ्याशिवाय वऱ्हाड बोलावलं होतं.

शेवटी मिस्त्रीच म्हणाला, कारखान्याच्या रस्त्याला एक ट्रॉलीवाला आहे, म्हातारा, त्याला विचारू. पत्र्याची शेड, बाहेर उलट्या पडलेल्या ट्रॉल्या, बिगरहंगामाची शांतता. म्हातारा हबमध्ये ग्रीस भरत होता. तळहातावर गोळा घेऊन बेरिंगच्या कडेनं दाबायचा, की ते रुळांमधून दुसऱ्या अंगाला बाहेर यायचं. पुन्हा थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं. लहान पोराला तेल लावतात तसं. मी 'धारवा' म्हणालो नाही. नंबरही म्हणालो नाही. जुनं बेरिंग फक्त त्याच्या पुढं केलं.

त्यानं ते वाचलंही नाही. हातात तोललं. "जीपचं." उठून आतल्या फळीवरून तेलकट तपकिरी कागदातल्या चार पुड्या काढल्या.

"डबा नाही?" मी विचारलं.

"डब्याचे पैसे येगळे लागतात. पाहिजे का?"

मी नको म्हणालो. त्यानं एक पुडी सोडून बेरिंग बोटावर फिरवलं आणि कानाजवळ नेलं. दुसरं फिरवलं. चारही ऐकून झाल्यावर माझ्या हातात दिली. म्हणाला, पूर्वी भंगारातल्या जीपांचे एक्सल आणून टायरगाड्या बांधायचो, तेव्हापासून हे ठेवतो. "हे मूळ गाडीवानाचंच बेरिंग हाय."

तो सहज बोलला, आणि ते अक्षरशः खरं आहे. निमुळत्या रुळांचं बेरिंग ज्यानं १८९८ साली पेटंट केलं तो हेन्री टिमकन अमेरिकेतल्या सेंट लुईसचा घोडागाड्या बनवणारा माणूस. गाडी वळली की भार चाकावर आडवा येतो. उभा आणि आडवा असे दोन्ही भार एकाच बेरिंगनं सोसावेत म्हणून त्यानं रूळ निमुळते केले. मोटारी नंतर आल्या आणि त्यांनी ते उचललं. हे मी म्हाताऱ्याला सांगणार होतो, पण त्यानं आधी विचारलं, "कुणाचा तू?"

सांगितलं.

"अण्णांचा व्हय? मंग तू कशाला आलास? त्यांना आणायचं." आणि मिस्त्रीकडं वळून सांगू लागला, अण्णांची टायरगाडी याच शेडमध्ये बांधली. हंगामात पहाटेचे गाडीतळावर यायचे, रांगेत नंबर लावायचे आणि बैलांना पाणी दाखवायच्या आधी दोन्ही हबांना हात लावून बघायचे. "पोराचा ताप बघावा तसा. पालथा हात."

तो पालथा हात मला माहीत होता. मलेरियात आठ दिवस तो माझ्या कपाळावर होता, चौथीत असताना. खरखरीत, ग्रीसचा वास येणारा. तो वास मी विसरून गेलो होतो. बेरिंगच्या नादात वर्षभर माझ्या हातालाही तोच येत होता आणि मी रोज साबणानं घासून धूत होतो.

पैसे दिले. त्यानं मोजले नाहीत.

बसवायचं काम मात्र मी स्वतः केलं. या वेळचा 'स्वतः' तपासून घ्या. मिस्त्री बॅटरी धरून उभा होता. जुना कप पंचानं ठोकून काढला, नवा कप जुन्याच कपानं ठोकत आत नेला, आणि तो तळाला बसला तेव्हा हातोडीचा आवाज बदलला, तो मी ऐकला. ग्रीस तळहातानं भरलं. नट आवळत चाक फिरवत राहिलो, मग किंचित ढिला केला, वॉशरचं पान वाकवून तो अडवला. चाक हातानं फिरवून सोडलं तर ते बराच वेळ फिरत राहिलं, आवाज न करता. डोळ्यांत पाणी आलं. ग्रीसचा हात लागला होता.

विहिरीपर्यंत गेलो. उतरून टोपीला पालथा हात लावला. गार. परत आलो, गाडी लिंबाखाली उभी केली. गॉगल घरी विसरलो होतो.

अण्णा म्हणाले, "डावं चाक रडतंय."

मी काही बोललो नाही. वर्षभर मीही ऐकत होतो तो आवाज. गुरगुर, वेगाबरोबर वाढणारी. मध्ये बेरिंगच्या खडखडाटात ती दबून गेली होती, एवढंच. बेरिंगं खरी असल्याची माझी खात्री होती, चारही कानाला लावून घेतलेली. मिस्त्रीनं दोन्ही पुढची चाकं काढली आणि डावं उजवीकडं, उजवं डावीकडं लावलं. पुन्हा विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो.

अण्णांनी मान जरा तिरकी केली. "आता उजवं."

टायर होता. भंगारातून जीपच्या एक्सलबरोबर आलेला, वरून चांगला दिसणारा. मिस्त्रीनं त्याच्यावरून हात फिरवला आणि माझा हात धरून फिरवायला लावला. नक्षी एका बाजूनं लाटांसारखी झिजलेली, वर-खाली, वर-खाली. तो पहिल्या दिवसापासून रडत होता. बेरिंग त्यात नंतर सामील झालं.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही बेरिंग म्हणाला होता."

"मी चाक म्हणलो," अण्णा म्हणाले. "बेरिंग तू म्हणलास."

मग त्यांनी बाजेवरचे पाय खाली सोडले, चपला शोधल्या आणि काठी टेकत गाडीपाशी आले. दार नाही, त्यामुळे उघडायचा प्रश्न नव्हता. पण पुढचं नाक वर असल्यानं चढायला त्रास झाला. बसल्यावर म्हणाले, "हीर कोरडी पडलीया का बघून येऊ. हळू ने."